रावबहादूर सीताराम केशव बोले आणि सार्वजनिक पाणवठ्याचा ठराव

वाचकहो, होऊन गेलेल्या थोर पुरुषांचीं चरित्रें आपण वाचावयास घेतों तेव्हां राजे, सेनापति, संत व पंडित यांचींच नांवें बहुधा पुढें येतात. ज्यानें लढाई मारली नाहीं, राज्य स्थापिलें नाहीं, पण कायदेकौन्सिलांत उभें राहून चार ओळींचा एक ठराव मांडला, अशा गृहस्थाचें चरित्र सहसा कोणी अभ्यासास घेत नाहीं. तथापि त्या चार ओळींचा संबंध आपल्या गांवच्या विहिरीशीं असेल, तर तें चरित्र आपणांस ठाऊक असलेंच पाहिजे. म्हणून आजच्या पाठांत मुंबईचे रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या कार्याचा विचार करावयाचा आहे.

१. प्रश्न काय होता

खानदेशांतील मनुष्यास पाण्याचें मोल सांगावयास नको. अमळनेरची बोरी नदी पावसाळ्यांत भरून वाहते; उन्हाळा आला म्हणजे तिच्या पात्रांत वाळू दिसूं लागते. शेतांत वर काळी माती व खालीं काळा खडक. विहीर पाडावयाची तर सुरुंग लावून खडक फोडावा लागतो, आणि हा खर्च गरीब मनुष्याच्या आंवाक्याबाहेरचा असतो. म्हणून बहुतेक गांवांत पिण्याचें पाणी पुष्कळ काळपर्यंत एक दोन सार्वजनिक विहिरींवरच अवलंबून होतें.

पण 'सार्वजनिक' या शब्दांत गांवांतील सर्व जन येत नसत. गांवकुसाबाहेर राहणाऱ्या लोकांना, ज्यांना त्या वेळच्या सरकारी कागदांत 'अस्पृश्यवर्ग' म्हणत, त्या विहिरीवर पोहरा सोडण्याची मनाई असे. त्यांच्या बायकांनीं रिकामी घागर घेऊन दूर उभें राहावें. कोणास दया आली तर त्यानें वरून पाणी ओतावें. नाहीं तर नदीच्या वाळूंत झिरा उकरून त्यांतलें गढूळ पाणी भरावें. विहीर खोदतांना दगड वाहावयास हेच लोक चालत. पाणी लागल्यावर मात्र त्यांना दूर व्हावें लागे.

ही रूढि शेंकडों वर्षांची होती. तिच्या विरुद्ध संतांनीं अभंग रचले. जोतीराव फुले यांनीं पुण्यास आपल्या घरचा हौद या लोकांस मोकळा केला. परंतु सरकारच्या कायदे करणाऱ्या सभेनें 'सार्वजनिक पाणी सर्वांचें' असें स्पष्ट शब्दांत म्हणावें, हें मुंबई इलाख्यांत घडावयास १९२३ साल उजाडावें लागलें.

२. बोले हे कोण

सीताराम केशव बोले हे मुंबईच्या भंडारी समाजांतले. हा समाज अस्पृश्य गणला जात नसे. तथापि वरिष्ठ म्हणविणाऱ्या जाति त्यास आपल्या बरोबरीचा मानीत नसत. बोले यांच्या मनावर सत्यशोधक मतांचा ठसा होता. मनुष्य व देव यांच्यामध्यें भटाची दलाली नको, आणि जन्मावरून कोणी उंच किंवा नीच नाहीं, हें त्या मतांचें सार.

त्यांचें पहिलें मोठें कार्य गिरणींतील मजुरांकरितां झालें. १९०९-१० च्या सुमारास मुंबईंत 'कामगार हितवर्धक सभा' निघाली, तिच्या चालकांत बोले प्रमुख होते. त्या काळीं गिरण्यांत विजेचे दिवे नुकतेच आले होते, आणि दिवे आले म्हणून रात्र पडली तरी काम थांबेना. मजुरास कधीं कधीं तेरा, चौदा तास उभें राहावें लागे. कामाचे तास कमी व्हावे आणि अपघातांत हातपाय गमावणारास भरपाई मिळावी, अशा मागण्या ही सभा करी. १९११ च्या कारखान्यांच्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांकरितां बारा तासांची मर्यादा ठरली, व १९२३ सालीं अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला. अमळनेरच्या प्रताप गिरणींत ज्यांचे वाडवडील राबले, त्यांस या दोन्ही कायद्यांचें महत्त्व निराळें समजावून सांगावयास नको.

बोले यांच्या आयुष्यांतील दुसरी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९०७ सालीं भीमराव आंबेडकर नांवाचा एक महार विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उतरला. ही गोष्ट त्या काळीं इतकी अपूर्व होती कीं, त्याच्या अभिनंदनाकरितां मुंबईंत सभा भरली. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते. आणि त्याच सभेंत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिलें. हा विद्यार्थी वीस वर्षांनीं त्यांचाच ठराव हातीं धरून तळ्याच्या कांठीं उभा राहील, याची त्या दिवशीं कोणास कल्पना असणार?

३. कायदेकौन्सिल म्हणजे काय

१९१९ च्या सुधारणांच्या कायद्यानें मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलांत लोकांनीं निवडलेले सभासद बहुसंख्य झाले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशीं कांहीं खातीं हिंदी मंत्र्यांकडे आलीं. जमीनमहसूल, पोलीस वगैरे खातीं गव्हर्नर व त्यांचें कार्यकारी मंडळ यांच्याकडेच राहिलीं. मत देण्याचा अधिकार सर्वांस नव्हता. ठराविक सारा किंवा कर भरणारास, अशा कांहीं लोकांसच तो होता. मराठा व तत्सम जातींकरितां सात जागा राखून ठेवल्या होत्या. अस्पृश्यवर्गास मात्र निवडणुकीची एकही राखीव जागा नव्हती. सरकार नेमील तोच त्यांचा प्रतिनिधि.

बोले या कौन्सिलाचे सभासद झाले. ज्या लोकांस मतपेटीपर्यंत पोंचतां येत नव्हतें, त्यांचा प्रश्न त्यांनीं तेथें मांडला. हें करण्यांत मतांचा लाभ कांहीं नव्हता, ही गोष्ट त्यांच्या कार्याची किंमत करतांना विसरूं नये.

४. ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव

या दिवशीं बोले यांनीं कौन्सिलापुढें जो ठराव मांडला आणि जो कौन्सिलानें मान्य केला, त्याचा आशय असा : सार्वजनिक पैशानें बांधलेले व राखलेले, किंवा सरकारनें नेमलेल्या अथवा कायद्यानें स्थापिलेल्या संस्थांच्या ताब्यांतले सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, कोर्टें, कचेऱ्या व दवाखाने, यांचा उपयोग करण्यास अस्पृश्यवर्गास मोकळीक असावी, अशी हें कौन्सिल शिफारस करतें.

ठरावाचे शब्द थोडे आहेत, पण ते तोलून घातले आहेत. त्यांतील तीन गोष्टी अभ्यास करणारानें ध्यानांत घ्याव्या.

पहिली गोष्ट, ठरावांत शास्त्रार्थ नाहीं. स्पर्शानें विटाळ होतो कीं नाहीं, या वादांत तो शिरत नाहीं. तो एकच प्रश्न विचारतो : हें बांधकाम कोणाच्या पैशानें झालें? पैसा सर्वांचा असेल तर पाणी सर्वांचें. शेतसाऱ्यावर दर रुपयामागें एक आणा लोकल फंडाचा बसत असे. शहरांत जकात बसे, आणि मीठमिरची विकत घेणारा प्रत्येक मनुष्य ती नकळत भरी. महाराची किंवा मांगाची जकात निराळ्या पेटींत पडत नव्हती, आणि सरकारी तिजोरींत त्याच्या पैशाचा विटाळ कधीं कोणास झाला नाहीं. मग त्या पैशाच्या विहिरीसच तो कसा व्हावा?

दुसरी गोष्ट, ठरावानें आपली हद्द आंखून घेतली आहे. खाजगी विहिरी व देवळें यांचें नांव त्यांत नाहीं. कोणास वाटेल कीं ही माघार होती. परंतु देवळाचा प्रश्न त्यांत गोंविला असता तर वादळ त्याच्या भोंवतींच उठलें असतें आणि घागर रिकामीच राहिली असती.

तिसरी गोष्ट, पाण्याबरोबर शाळा, कोर्ट व दवाखाना यांचीं नांवें आहेत. मुलगा शाळेच्या ओट्यावर बाहेर बसतो, साक्षीदार कोर्टाच्या दाराशीं उभा राहतो, आजाऱ्यास औषधाची पुडी दुरून टाकतात. हीं सर्व एकाच रोगाचीं लक्षणें आहेत, असें ठरावानें न बोलतां दाखविलें.

मुंबई सरकारनें ११ सप्टेंबर १९२३ रोजीं सर्व खातेप्रमुखांस या ठरावाची अंमलबजावणी करण्याविषयीं कळविलें.

५. ठराव व कायदा यांतील भेद

येथें एक भेद समजून घेतला पाहिजे. कायदा मोडणारास शिक्षा होते. ठराव ही शिफारस असते. ती पाळली नाहीं तर कोणास दंड होत नाहीं. सरकारी खात्यांस हुकूम गेला, पण गांवच्या विहिरी लोकल बोर्डांच्या आणि शहरांतलीं तळीं म्युनिसिपालिट्यांच्या ताब्यांत होतीं, आणि त्यांचे बहुतेक सभासद रूढीचे अभिमानी. कागद आला, दप्तरास लागला, आणि विहीर होती तशीच राहिली.

बोले यांनीं ही स्थिति पाहून हात टेंकले नाहींत. पहिल्या ठरावाला तीन वर्षें झाल्यावर, ५ ऑगस्ट १९२६ रोजीं, त्यांनीं दुसरा ठराव आणिला : ज्या म्युनिसिपालिट्या व बोर्डें पहिल्या ठरावाप्रमाणें वागणार नाहींत, त्यांस सरकारनें पैशाची मदत देऊं नये. पहिल्या ठरावाचा पाया सार्वजनिक पैसा हाच होता. दुसऱ्यानें तोच पैसा अडवून धरण्याची सूचना केली. पोहरा होता, त्यास आतां दोर लागला.

याच १९२६ सालीं बोले यांच्या खटपटीनें ग्रामजोश्यांच्या हक्काविषयीं एक कायदाही झाला. त्यापूर्वीं वतनदार जोश्यास न बोलावितां कोणी आपल्या घरचें लग्न दुसऱ्याकडून लाविलें, तरी जोशी कोर्टांत जाऊन आपली दक्षिणा वसूल करूं शके. ज्यानें काम केलें नाहीं त्यास कामाचे पैसे! सत्यशोधक मंडळी यासाठीं वर्षानुवर्षें कोर्टांत झगडत होती. नव्या कायद्यानें ठरलें कीं, ज्यास बोलाविलें नाहीं त्यास विधीची दक्षिणा मागण्याचा हक्क नाहीं. हा मात्र ठराव नव्हता, कायदा होता, आणि म्हणून कोर्टें त्याप्रमाणें वागण्यास बांधलीं गेलीं.

६. महाडची कसोटी

कुलाबा जिल्ह्यांतील महाडच्या म्युनिसिपालिटीनें, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकारानें, जानेवारी १९२४ मध्यें आपलें चवदार तळें अस्पृश्यांस मोकळें असल्याचा ठराव केला. योगायोग असा कीं त्याच १९२४ सालीं साने गुरुजी अमळनेरच्या शाळेंत शिक्षक म्हणून आले. त्यांचें नांव पुढें येणार आहे. महाडास ठराव झाला, पण तीन वर्षेंपर्यंत त्या तळ्याचें पाणी घेण्यास कोणी धजला नाहीं. कागदावरचा हक्क व मनांतील भय यांच्या झगड्यांत भय वरचढ होतें.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशीं हजारों लोक शांतपणें रांगेनें तळ्यावर गेले. डॉ. आंबेडकरांनीं ओंजळभर पाणी घेतलें, मग इतरांनीं घेतलें. इतक्यांत हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी खोटी हूल उठली, आणि परतणाऱ्या लोकांस जमावानें झोडपलें. पुढें पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळें 'शुद्ध' करण्यांत आलें. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या पहिल्या ठरावाला चार वर्षें पुरीं झालीं त्याच तारखेस, महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव मागें घेतला.

तळें खाजगी आहे व अस्पृश्यांस तेथें येऊं न देण्याची वहिवाट अनादि आहे, असा दावा कांहीं रहिवाशांनीं दाखल केला. खटला दहा वर्षें चालला. शेवटीं १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल दिला कीं, तशी अनादि वहिवाट फिर्यादींस शाबीत करतां आलेली नाहीं. तळें म्युनिसिपालिटीच्या ताब्यांतलेंच ठरलें. बोले यांनीं लाविलेलें माप, 'हें सार्वजनिक आहे कीं नाहीं', अखेर कोर्टांतही त्याच प्रश्नाला महत्त्व आलें.

७. पुढें काय झालें

१९४६ सालीं मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानें हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा केला. जें १९२३ मध्यें शिफारस होतें, तें आतां मोडल्यास शिक्षेचें झालें. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपूरचें विठ्ठलमंदिर सर्वांस खुलें व्हावें म्हणून दहा दिवस उपोषण केलें, आणि ठरावानें जो दरवाजा हेतुतः सोडून दिला होता तोही उघडला.

२६ जानेवारी १९५० पासून भारताचें संविधान अमलांत आलें. त्याचें सतरावें कलम अस्पृश्यता नष्ट करतें. पंधराव्या कलमांत म्हटलें आहे कीं, सरकारी पैशानें पूर्णपणें वा अंशतः राखलेल्या किंवा सर्व लोकांकरितां दिलेल्या विहिरी, तळीं, घाट, रस्ते व सार्वजनिक जागा यांच्या उपयोगास केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणास अडवितां येणार नाहीं. हे शब्द १९२३ च्या ठरावाशेजारीं ठेवून वाचावे. सार्वजनिक पैशाचें तेंच माप येथेंही आहे. आणि येथें 'धर्म' हा शब्दही आहे. तेव्हां तुम्हीं धर्म बदलला, आतां गांवच्या पाण्याशीं तुमचा संबंध नाहीं, असें कोणी म्हटल्यास संविधानांत त्यास आधार नाहीं. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानें अस्पृश्यतेवरून पाणी अडविणें सर्व देशांत गुन्हा ठरविलें. १९७६ पासून तोच नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

८. या चरित्रापासून काय शिकावें

कोणी म्हणतात, 'ठराव म्हणजे कोरा कागद. महाडास लोक चालून गेले म्हणून काम झालें.' कोणी म्हणतात, 'कायदा झाला, आतां करावयाचें कांहीं उरलें नाहीं.' या चरित्राच्या उजेडांत दोन्ही मतें अपुरीं ठरतात. कागद नसता तर महाडास गेलेल्या लोकांस दांडगे म्हणतां आलें असतें. कागद होता म्हणून ते आपला मान्य झालेला हक्क बजावणारे ठरले. उलट, लोक गेले नसते तर तो कागद दप्तरांतच कुजला असता. बोले यांनीं ठराव लिहिला, तीन वर्षांनीं तो बळकट केला; चालण्याचें काम दुसऱ्यांनीं केलें. प्रत्येकानें आपला वांटा उचलला. बोले यांचा वांटा लहान नव्हता आणि सगळाही नव्हता. तो इतकाच नेमका सांगणें हाच त्यांचा खरा गौरव होय.

जिल्हा लोकल बोर्डें आतां नाहींत. १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत. गांवांत विहिरीबरोबर हातपंप व नळ आले. तथापि नळाची तोटी कोणत्या वस्तीपर्यंत जावी आणि कोणत्या वस्तीपाशीं थांबावी, हें अजूनही माणसेंच ठरवितात. म्हणून बोले यांचा प्रश्न ग्रामसभेंत आजही विचारावा : हें कोणाच्या पैशानें झालें? विचारतांना लेखी विचारावें, चौघांनीं मिळून विचारावें, आवाज न चढवितां विचारावें, आणि उत्तर मिळालें नाहीं तर तीन वर्षांनीं पुन्हा येणाऱ्या बोल्यांची आठवण ठेवून पुन्हा विचारावें.

आणि एक प्रश्न आपण स्वतःस विचारावा. आपल्या मंडळ्यांत कोणी महार, कोणी मांग, कोणी भिल्ल अशा निरनिराळ्या घरांतून आलेले आहेत. एकाच बांकावर बसणारे आपण एकमेकांच्या घरचें पाणी पितों काय? सोयरीक दूर राहो, दुसऱ्या वस्तींतील भाऊ दारीं आला असतां त्याच्यापुढें तांब्या कोणता ठेवितों, हें प्रत्येकानें आठवून पाहावें. गांवाच्या विहिरीवर जो हक्क आपण मागतों, तो आपल्या घरच्या माठावर दुसऱ्यास देत नसूं, तर बोले यांच्या ठरावाचे चार शब्दही आपणांस समजले नाहींत.

अभ्यासाकरितां प्रश्न

(उपदेशक व शिक्षक बंधूंनीं पाठ मोठ्यानें वाचून दाखवावा व नंतर हे प्रश्न विचारावे.)

१. बोले यांच्या १९२३ च्या ठरावांत कोणकोणत्या जागांचीं नांवें होतीं? कोणत्या जागा त्यांतून वगळल्या होत्या?

२. ठराव व कायदा यांत भेद कोणता? १९२६ सालांतील दोन उदाहरणें देऊन सांगा.

३. १९२४ पासून १९२७ पर्यंत चवदार तळ्याचें पाणी कोणी कां घेतलें नाहीं?

४. संविधानाच्या पंधराव्या कलमांतील कोणते शब्द १९२३ च्या ठरावाशीं मिळते आहेत? कोणता शब्द आपणांस विशेष महत्त्वाचा आहे, व कां?

५. आपल्या गांवांतील सर्वांत जुनी सार्वजनिक विहीर कोणती? ती कोणीं खोदली, खर्च कोणीं केला, आणि तिचें पाणी पूर्वीं कोणास मिळत नसे, हें वडील मंडळींस विचारून लिहून आणा.